दुसऱ्या गाडीचा दरवाजा

मला माझ्या गाडीसाठी मागचा डावा दरवाजा हवा होता, आणि तो वापरलेलाच हवा होता. गाडी जुनी, तिचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झालेली. उभ्या गाडीला कोणीतरी बाजूने ठोकर दिली आणि तो दरवाजा असा आत बसला की काच अर्ध्यावर अडकली. डेंटरने आतलं पॅड काढलं, त्यामागचा प्लास्टिकचा कागद सोलून बाजूला केला आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. बाहेरच्या पत्र्याच्या मागे, दरवाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी गेलेली एक पोलादी नळी होती. ती मधोमध वाकली होती.

"पत्र्याचा पोचा मी काढून देईन, कळणारही नाही," तो म्हणाला. "पण ही नळी मी सरळ करणार नाही. दुसरा कोणी करून देतो म्हणाला, तरी करून घेऊ नका."

गाडी रोज चालवणाऱ्या बहुतेकांनी ही नळी कधी पाहिलेली नसते, कारण ती दिसावी अशी वेळच येत नाही. समोरून धडक बसली तर बंपर, रेडिएटर, इंजिन असं बरंच काही मध्ये असतं; चुरगळायला जागा असते. बाजूने येणारं वाहन आणि आत बसलेला माणूस यांच्यात मात्र जेमतेम वीतभर अंतर, आणि त्यातलंही बरंचसं पोकळ. त्या पोकळीत हा नळीसारखा दांडा बसवलेला असतो. अमेरिकेत १९७३पासून मोटारींच्या दरवाजांनी बाजूने येणाऱ्या दाबाला किमान किती विरोध केला पाहिजे, याचा नियम लागू झाला आणि दरवाजाच्या पोटात असा दांडा घालणं हा तो नियम पाळायचा सरळ मार्ग ठरला. १९९१मध्ये व्होल्वोने दरवाजा, मधला खांब, खालचा उंबरा आणि आसनाची चौकट या सगळ्यांनी मिळून धक्का वाटून घ्यावा अशी रचना आणली. तेव्हापासून दरवाजा गाडीच्या संरक्षणातला एक कामकरी भाग आहे हे आणखी स्पष्ट झालं.

आजच्या पुष्कळ गाड्यांत हा दांडा फार कणखर पोलादाचा असतो. तापवून झटकन थंड करण्याच्या क्रियेतून त्याला ती ताकद मिळालेली असते. दुरुस्तीसाठी त्याला पुन्हा आच दिली की ती ताकद निघून जाते. गार असतानाच ठोकून सरळ केला, तर दिसायला सरळ दिसतो, पण जिथे एकदा घडी पडली तिथेच पुढच्या वेळी आधी दबतो. बहुतेक दरवाजांत तो आतल्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो. म्हणजे दांडा बदलायचा तर दरवाजाच बदलायचा.

मागच्या सीटवर डावीकडे माझी आई बसते. त्यामुळे विचार करण्यासारखं फार उरलं नाही.

आता, "अमुक गाडीचा मागचा डावा दरवाजा" एवढं सांगून दरवाजा मिळत नाही. मिळतो, पण तो आपल्या गाडीला बसेलच असं नाही. गाडीचं नाव ही विक्रीसाठी केलेली सोय आहे. एकाच नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात. फियाट ५०० हे याचं ठळक उदाहरण. १९५७मध्ये आलेल्या त्या छोट्या गाडीचे दरवाजे आधी मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरत, म्हणजे हँडल पुढच्या कडेला. १९६५च्या आवृत्तीपासून बिजागऱ्या पुढे आल्या आणि हँडल मागे गेलं. लांबून पाहिलं तर गाडी तीच, नावही तेच. पण एकीचा दरवाजा दुसरीला लावायचा प्रश्नच येत नाही. सिट्रोएन २सीव्हीच्या पुढच्या दरवाजांचंही १९६०च्या दशकाच्या मध्यावर असंच झालं. असे मोठे बदल निदान डोळ्यांना दिसतात. त्रास देतात ते न दिसणारे बदल.

मागच्या दरवाजाची एक खास अडचण आहे. हॅचबॅक आणि सेदान या दोन रूपांत एकच गाडी निघते, तेव्हा पुढचे दरवाजे पुष्कळदा अगदी एक असतात. मागचे मात्र वेगळे निघू शकतात, कारण छत मागे कसं उतरतं त्यावर काचेच्या चौकटीचा कोपरा ठरतो, आणि चाकाची कमान कुठून सुरू होते त्यावर दरवाजाची खालची मागची कड ठरते. दोन दरवाजे शेजारी भिंतीला टेकवून ठेवले तर खालची दोन तृतीयांश उंची तंतोतंत सारखी दिसेल आणि वर काचेच्या कोपऱ्यात बोटभर फरक असेल. तेवढा फरक पुरेसा आहे. तो दरवाजा कधीच बसणार नाही. तीन दरवाजांच्या (मागचं डिकीचं दार धरून) गाडीचा पुढचा दरवाजा पाच दरवाजांच्या गाडीला लागत नाही, हे त्या मानाने सोपं. तो लांबच असतो, कारण मागे बसणाऱ्यालाही त्यातूनच शिरायचं असतं.

उलट, ज्याची लोक उगाच धास्ती घेतात ती गोष्ट म्हणजे फेसलिफ्ट. मधल्या वर्षी गाडीचं तोंड बदललं, दिवे बदलले, बंपर बदलला, म्हणून आधीच्या गाडीचा दरवाजा चालणार नाही असं धरून चालू नये. दरवाजाचा पत्रा ज्या साच्यांत दाबून घडवतात ते साचे अतिशय महाग असतात, त्यामुळे कंपन्या पिढी बदलेपर्यंत शक्यतो त्यांना हात लावत नाहीत. पत्रा तोच राहतो. बदलते ती बाहेरची पट्टी, आतल्या पॅडचा रंग, कधी हँडल, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे वायरिंगचा सॉकेट. पट्टी काढता येते, पॅड आपलं जुनं लावता येतं. सॉकेटच्या पिना जुळत नसतील तर काच, लॉक, स्पीकर सगळंच आपल्या जुन्या दरवाजातल्या तारांसकट उचलून नव्यात घालावं लागतं. काम वाढतं, पण होतं.

डावा-उजवा हाही शब्दांत वाटतो तितका सरळ मामला नाही. व्यवसायातला संकेत असा की सीटवर पुढे तोंड करून बसल्यावर जो डावा, तो डावा. गाडीसमोर उभं राहून बोट दाखवणाऱ्याचा डावा वेगळा. "ड्रायव्हरच्या बाजूचा" म्हणणं तर त्याहून धोक्याचं, कारण स्टीअरिंग कुठल्या बाजूला आहे ते देशागणिक बदलतं. पुढच्या दरवाजांत यातून आणखी गोंधळ होतो: सांगाडा तोच असतो, पण सगळ्या काचांची बटणं, किल्लीचं भोक आणि जास्तीच्या तारा ड्रायव्हर ज्या बाजूला बसतो तिकडे जातात. मला मागचा हवा होता, त्यामुळे यातून सुटका झाली. मागच्या दरवाजाला बहुतेक गाड्यांत किल्लीचं भोक नसतं. पुढचा असता, तर जुन्या दरवाजातली कुलपाची नळी काढून नव्यात बसवावी लागली असती, म्हणजे एकाच किल्लीने सगळं उघडेल.

या डाव्या-उजव्याच्या कटकटीवर सिट्रोएनने २०२०मध्ये आणलेल्या ॲमी या छोट्या विजेच्या गाडीत थेट उपाय केला आहे. तिचे दोन्ही दरवाजे एकसारखे आहेत. एकच भाग दोन्ही बाजूंना लावायचा असल्यामुळे एक दरवाजा पुढच्या बिजागरीवर उघडतो आणि दुसरा मागच्या. विचित्र दिसतं खरं, पण कधी तिचा दरवाजा शोधणाऱ्या माणसाचं काम निम्म्याने सोपं झालं आहे, आणि असा विचार करणाऱ्या रचनाकारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नावावर विसंबायचं नाही, तर विसंबायचं कशावर? दोन गोष्टींवर. एक चेसिस क्रमांक, म्हणजे गाडीवर कोरलेली ती १७ अक्षरं-अंकांची ओळ. तिच्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. ही ओळ दिली की कंपनीच्या सूचीतून त्या नेमक्या गाडीला कारखान्यात कुठला दरवाजा लागला होता ते कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे तिथून मिळणारा दरवाजाचा स्वतःचा भाग क्रमांक. कधी जुना क्रमांक रद्द करून त्याच्या जागी नवा दिलेला असतो. अशा वेळी दोन्ही क्रमांक लिहून घ्यावेत, कारण जुन्या भागांच्या व्यापाऱ्याकडे कुठला नोंदवलेला असेल सांगता येत नाही. त्यासोबत मी गाडीच्या स्टिकरवरचा रंगाचा कोड लिहून घेतला आणि दरवाजा उघडून चार फोटो काढले: बिजागऱ्यांचा, लॉकचा, तारांच्या रबरी नळीचा आणि काचेच्या मागच्या कोपऱ्याचा.

या चार फोटोंनी मला दरवाजाकडे बघायला शिकवलं. मोटारीचा दरवाजा गाडीला थोड्याच ठिकाणी भेटतो. पुढच्या कडेला दोन बिजागऱ्या आणि त्यांच्यामधली, दरवाजा किती उघडायचा ते ठरवणारी पट्टी. मागच्या कडेला लॉक. तारांचा एक झुबका. आणि सगळ्या बाजूंनी फिरणारं रबर. या जागा जुळल्या की दरवाजा त्या गाडीचा. बाकी रंग, पॅड, काच, स्पीकर, हँडल हे सगळं परकं असलं तरी बदलून घेता येतं. या जागा जुळल्या नाहीत, तर रंगाचा छटेसकट मेळ बसूनही उपयोग शून्य. विक्रेते मात्र सगळ्यात आधी रंग सांगतात.

वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकमेकींना लागावेत ही अपेक्षा आज इतकी सहज आहे की ती कधीकाळी सिद्ध करून दाखवावी लागली होती, हे वाचून मी थबकले. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करण्यात आल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग काढून घेऊन त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग ठेवले, आणि त्या ढिगातून फक्त पाने आणि पेचकस वापरून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. मग त्या ५०० मैल पळवल्या. कानशीने घासून भाग बसवण्याची सवय असलेल्या त्या काळात ही विलक्षण गोष्ट होती, आणि कॅडिलॅकला त्यासाठी ड्युअर ट्रॉफी मिळाली. आज आपण जुन्या गाडीचा दरवाजा शोधायला निघतो, ते त्या शिस्तीच्या भरवशावर.

तरीही इंजिनाचा भाग आणि दरवाजा यांत एक फरक उरतोच. कारखान्यात बहुतेक ठिकाणी गाडीचा सांगाडा दरवाजांसकट रंगवतात. मग दरवाजे काढून वेगळ्या रांगेवर नेतात, तिथे त्यांच्यात काच, लॉक, तारा, पॅड बसवतात, आणि शेवटी प्रत्येक दरवाजा ज्या सांगाड्यावरून काढला होता त्याच सांगाड्याकडे परत आणतात. इतकी काळजी घेतात, कारण दरवाजाच्या जागेत एकेका मिलिमीटरचा फरक असतो आणि त्या दरवाजाचा त्या जागेशी मेळ आधी बसवलेला असतो. वापरलेला दरवाजा घेणाऱ्याने म्हणूनच हे मनात धरून चालावं की दरवाजा बरोबर असला, तरी तो आपल्या गाडीशी नव्याने जुळवावा लागणार आहे. "लावला की झालं" असं कोणी म्हणालं तर त्याने बहुधा स्वतः कधी लावलेला नाही.

ज्याच्याकडून मी शेवटी दरवाजा घेतला, त्याने फोन उचलल्यावर आधी चेसिस क्रमांक विचारला. गाडीचं नाव नंतर. आधीचे काही जण "आहे, या घेऊन जा" म्हणाले होते आणि हॅचबॅक की सेदान हेसुद्धा त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. कुठल्या विक्रेत्याकडे जायचं, याची मला एवढी एकच परीक्षा पुरेशी वाटते: तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो.

त्याच्याकडे दोन दरवाजे होते. एक भिंतीला टेकवलेला, धुतलेला, चकचकीत. दुसरा अजून गाडीलाच होता. मी दुसरा आधी पाहिला. जुना दरवाजा शक्य असेल तर त्याच्या गाडीवर असतानाच पाहावा; तिथे तो किती खरं सांगतो! त्या गाडीचं तोंड पूर्ण गेलं होतं. बॉनेट घडी होऊन काचेपर्यंत आलेलं, पुढची दोन्ही चाकं आत दबलेली. मागचा अर्धा भाग मात्र तसाच्या तसा. मागचा दरवाजा मी उघडला आणि बंद केला. मग पुन्हा उघडून बंद केला. सगळ्या बाजूंची फट सारखी होती, याचा अर्थ धक्का मधल्या खांबापर्यंत पोहोचला नव्हता.

तिथे उभं असताना जे जाणवलं ते जड होतं. चांगला वापरलेला दरवाजा मिळतो, तो बहुधा दुसरीकडे फार वाईट झालेलं असतं म्हणून. डावा शाबूत असतो, कारण ठोकर उजवीकडे बसली. मागचा शाबूत असतो, कारण पुढचं सगळं गेलं. आतल्या माणसांचं काय झालं, हे मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "गाडी आली तेव्हा पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडलेल्या होत्या, ताई. आत रक्त नव्हतं. मी नेहमी बघतो." त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की तो खरंच प्रत्येक गाडीत आधी तेच बघत असणार याची मला खात्री पटली.

दरवाजाच्या बाहेरच्या हँडलमागे पत्र्यात बोटं घालायला केलेला वाटीसारखा खळगा असतो. त्या खळग्यात रंगावर बारीक ओरखड्यांचा एक पंखा पसरला होता. नखांचे, अंगठ्यांचे, हातातल्या पिशव्यांच्या कड्यांचे. ओरखडे खालच्या अर्ध्या भागात दाट होते, वर विरळ. म्हणजे हा दरवाजा उघडणारा हात बहुतेक वेळा खालून यायचा. एखादं लहान मूल असणार. दरवाजाच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा छोटा खटका लावलेल्या स्थितीत होता. खाली पायदळी लागणाऱ्या पट्टीवर बुटांच्या टोकांनी घासून रंग उडाला होता. मी खटका तसाच ठेवून पुढचं पाहिलं.

पुढचं पाहणं म्हणजे कडा. दरवाजाचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्याच्या काठावर दुमडून बसवलेला असतो, आणि त्या दुमडीवर कारखान्यात सीलंटची एकसलग रेघ ओढलेली असते. ती रेघ एका जाडीची, न तुटलेली असेल तर पत्रा मूळचा. कुठे बोटाने फासल्यासारखी दिसली, तर कधीतरी पत्रा बदलला आहे किंवा सांधला आहे. गंज सुरू होतो तो खालच्या दुमडीत. काचेवरून ओघळणारं पाणी दरवाजाच्या आत उतरतं, हे मुळात धरूनच रचना केलेली असते. तळाशी ते बाहेर पडायला भोकं असतात. ती भोकं मातीने बुजली की पाणी आत साचून पत्रा आतून खातं, आणि बाहेर रंगाखाली फोड दिसायला लागेपर्यंत आत बरंच गेलेलं असतं. मी खाली बसून त्या भोकांतून तार घातली. कोरडी धूळ आली.

मग लोहचुंबक. कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक पत्र्यावरून फिरवला की जिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे तिथे त्याची पकड सुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या दरवाजाला अर्थात हा उपाय चालत नाही, तिथे रंगाची जाडी मोजणारं यंत्र लागतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. लांबी भरलेल्या जागी आकडा त्याच्या कितीतरी पटींनी वर जातो. नंतर तो भिंतीला टेकवलेला चकचकीत दरवाजा पाहिला, तेव्हा चुंबक खालच्या भागातून सरकून पडला. उजेडात तिरकं पाहिलं, तर त्यात पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब एका जागी किंचित लहरत होतं. बिजागरीच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला. विक्रेत्याने ते नाकारलं नाही. "तो स्वस्तातला आहे," एवढंच म्हणाला, आणि त्याने तो मला सुचवलाही नव्हता.

आत पुराचं पाणी शिरलेलं असू शकतं, ही आणखी एक शंका मला होती. ती पॅड काढूनच फिटते. पूर पाहिलेल्या दरवाजात स्पीकरच्या चौकटीवर आणि लॉकच्या खाचांत गाळाची बारीक पूड बसलेली असते, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूट चढलेलं असतं, आणि ते धुऊन पूर्ण जात नाही. इथे तसं काही नव्हतं. दांड्यावर टॉर्च मारला. सरळ होता. दोन्ही टोकांची वेल्डिंग मूळची होती.

तारांबद्दल मी हट्ट धरला. घाईत दरवाजा काढणारे लोक मधल्या खांबाजवळची रबरी नळी पक्कडीने कापून मोकळे होतात, आणि मग आपण प्रत्येक तार रंग जुळवून जोडत बसतो. शिवाय दरवाजा उघडता-मिटताना हीच जागा हजारो वेळा वाकते. तिथे जोड दिलेली तार पुन्हा तुटते. "कनेक्टरपासून काढा, वेळ लागला तरी चालेल," असं मी सांगितलं आणि त्याच्या मुलाने निमूटपणे खांबाचं आतलं पॅड उघडून सॉकेट सोडवला.

दरवाजा उचलायला दोघं लागली. काच, मोटर, पॅड यांसकट मोटारीचा दरवाजा ३० किलोच्या आसपास भरतो, कधी जास्त. हे वजन बसवताना महत्त्वाचं असतं. रिकामा सांगाडा लावून फट नीट केली आणि मग काच घातली, तर दरवाजा मागच्या टोकाला थोडा खाली उतरतो आणि सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते. डेंटरने म्हणून काच आत घालूनच दरवाजा लावला. जुना काढण्याआधी बॅटरी सोडली, थोडा वेळ थांबला, कारण बाजूच्या एअरबॅगच्या तारा जवळूनच जातात. जुन्या बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघा आखून ठेवल्या होत्या. त्या रेघांवरच नवा दरवाजा टेकवला. मागच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो आकडा, त्याने आधी काढूनच टाकला. लॉक अडकत असेल तर दरवाजा स्वतःच्या वजनाने कुठे उभा राहतो ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढची फट, वरची फट, मग पुढच्या दरवाजाच्या पत्र्याशी सपाटी, आणि हे सगळं जमल्यावर स्ट्रायकर. दरवाजा स्ट्रायकरने वर उचलून घेणारे मिस्त्री असतात. चार दिवस बंद होतो, नंतर लॉक झिजतं.

रबर नीट दाबलं जातं का, हे पाहायला त्याने कागदाची पट्टी घेतली. दरवाजात धरून बंद केली आणि ओढली. खालच्या मागच्या कोपऱ्यात ती सहज निसटली. बिजागरीला अगदी किंचित हलवून पुन्हा पाहिलं; या वेळी सगळीकडे सारखी अडकली. मग पाइपने पाणी सोडलं आणि मी आत बसून बोट फिरवत राहिले.

प्लास्टिकचा कागद परत चिकटवायच्या वेळी डेंटर सगळ्यात जास्त वेळ घेत होता. बरेच लोक तो फाटका कागद तसाच सोडून पॅड ठोकतात. त्यामुळे पाणी केबिनमध्ये झिरपतं, हे तर आहेच. पण काही गाड्यांत, मुख्यतः पुढच्या दरवाजांत, एअरबॅगचा सेन्सर दरवाजाच्या पोकळीतला हवेचा दाब मोजून धडक ओळखतो. पत्रा अचानक आत आला की पोकळीतला दाब क्षणात वाढतो, आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. पोकळी नीट बंद नसेल, एखादं मोठं भोक उघडं राहिलं असेल, तर ते मोजमाप बिघडू शकतं. एवढासा कागद! माझ्या गाडीत मागे असा सेन्सर नाही, तरी डेंटरने जुना चिकट पट्टा पूर्ण खरवडून नवा लावला.

शेवटी काच. बटण दाबल्यावर ती वर जाऊन परत खाली येत होती, कारण बॅटरी सोडल्यामुळे बोट अडकल्यास उलट फिरण्याची तिची सोय स्वतःचं माप विसरली होती. काच पूर्ण वर नेऊन बटण काही क्षण तसंच दाबून धरलं, की ती माप पुन्हा शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

रंगाचा कोड दोन्ही गाड्यांचा एकच होता. तरी छटा वेगळी आहे, हे उन्हात लगेच दिसलं. एक गाडी बाहेर उभी राहिलेली, दुसरी बहुधा सावलीत. धातूची चमक असलेल्या रंगात तर एकाच कोडच्या दोन गाड्या नव्या असतानाही थोड्या वेगळ्या दिसू शकतात. दरवाजा रंगवायचा, आणि मेळ दिसावा म्हणून शेजारच्या दोन्ही पत्र्यांवर रंग विरळ करत न्यायचा, हा योग्य मार्ग. तो मी सध्या घेतलेला नाही. मूळचा रंग पक्का आहे, कुठे फोड नाही, आणि चांगला मूळ रंग घासून काढावा एवढं मोठं कारण मला ती छटा वाटत नाही. डेंटरला ते पटलेलं नाही.

युरोपीय संघाच्या २०००च्या नियमानुसार, २०१५पासून आयुष्य संपलेल्या गाडीच्या वजनातला ९५ टक्के भाग पुन्हा वापरला गेला पाहिजे किंवा त्यातून काही परत मिळवलं पाहिजे. त्यातला बराचसा धातू चुरा होऊन भट्टीत जातो, आणि त्यातही काही वाईट नाही. पण दांडा, लॉक, काच, मोटर, बिजागऱ्या सगळं ठीक असलेला दरवाजा चुरा करून त्याचं पोलाद पुन्हा वितळवण्यात केवढी मेहनत वाया जाते, हे तो आतून पाहिल्यावर मला फार तीव्रतेने जाणवलं. तो दरवाजा म्हणून वापरता येत असेल तर दरवाजा म्हणूनच वापरावा. त्यासाठी तो कुठल्या गाडीला लागेल याची माहिती त्याच्यासोबत टिकायला हवी. कितीतरी दरवाजे भंगारात जातात ते खराब असतात म्हणून नाही. कोणाला ते कशाला बसतात हेच माहीत नसतं.

माझ्या जुन्या दरवाजातला दांडा आणि पत्रा वजनावर गेला. काचेची मोटर, लॉक, हँडल आणि शाबूत राहिलेली काच मी काढून घेतली आहे. प्रत्येकीवर गाडीचं वर्ष, पाच दरवाजांची हॅचबॅक, मागची डावी बाजू आणि भाग क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती त्याच विक्रेत्याकडे ठेवायला दिली. लॉकसाठी एकाने चौकशी केली आहे. त्याच्याकडून चेसिस क्रमांक मागवला आहे.